शनिवारची सही

बोयांची खवलं काढायचं काम निम्म्यावर आलं होतं. चार बोया साफ होऊन ताटात पडल्या होत्या, तीन अजून टोपलीत होत्या, आणि दीना पेणकर मोरीपाशी पाटावर बसून सुरीच्या उलट्या धारेने शेपटीकडून डोक्याकडे खरवडत होती. खवल्याचा मासा असेल तरच तिच्या घरात शिजायचा, बिनखवल्याचा उंबऱ्याच्या आत यायचा नाही. शेजारची धोंडुबाई पडवीत येऊन उभी राहिली आणि सांगू लागली की नाक्यावरच्या फोनबूथवर पेणहून निरोप आलाय. मितेशने बोलावलंय. रिटर्नचा यंदा नवा फॉर्म निघालाय, एक पानाचा, त्यावर सही पाहिजे, शनिवारच्या आत या म्हणाला.

दीनाला ते ऐकून बरंच वाटलं. बघ गो, ती धोंडुबाईला म्हणाली, आपला शनिवार कसा ध्यानात ठेवतो. मग राहिलेल्या तीन बोया तिने धोंडुबाईच्या हवाली केल्या, हात राखेने घासले आणि शीराला केस विंचरायला सांगितलं.

रोह्यात पेणकर आडनावाचं हे एकच यहुदी घर उरलं होतं. लोक थट्टेने म्हणायचे, रोहेकर सगळे इस्रायलला गेले आणि रोह्यात राहिली ती पेणकरीण. दीनाचा नवरा एझ्रा नागोठण्याजवळच्या कंपनीत फिटर होता. पाच वर्षांपूर्वी एका सकाळी तो पहिल्या शिफ्टला उठलाच नाही. त्याचा फंड, ग्रॅच्युइटी आणि विम्याची रक्कम दीनाने बँकेत मुदतीने ठेवली आणि त्या व्याजावर घर चालवलं. पुढे सरकारचा नियम आला आणि बँक व्याजातून टॅक्स कापून घेऊ लागली. कापलेलं परत मिळवायचं तर रिटर्न भरायला पाहिजे, आणि रिटर्न भरणं म्हणजे दीनाच्या लेखी विमान चालवण्यासारखं होतं. तेव्हा एझ्राच्या मोठ्या भावाने, डेव्हिडने, पेणचा हा मितेश गाठून दिला. कंपनीतल्या निम्म्या लोकांचे रिटर्न तोच भरायचा.

गेल्या वर्षी मितेश कागद घेऊन स्वतः रोह्याला आला होता. आला तो नेमका शनिवारी. दीनाने दारातच हात जोडून सांगितलं की आज शब्बाथ, आज आम्ही लिहीत नाय, पेनाला हात लावत नाय, तुम्ही उद्या या. मितेश जराही चिडला नाही. तो म्हणाला, राहू द्या वहिनी, धर्म आधी, मी बघतो काय ते. आणि कागद पिशवीत घालून गेला. दोनेक महिन्यांनी पैसे परत आले, त्यातला चौथा हिस्सा त्याने घेतला, आणि दीना मात्र वर्षभर ज्याला त्याला सांगत राहिली की परक्या जातीचा पोरगा पण आपला शब्बाथ आपल्या लोकांपेक्षा जास्त मानतो. मलिदा केला तेव्हा त्याचा वाटा केळीच्या पानात बांधून डेव्हिडबरोबर पाठवला होता.

गाडीत खिडकीशी जागा मिळाली. निडी गेलं, नागोठणं गेलं, कासूला मिठाच्या पोत्यांवर बसलेली माणसं शीराने हात करून हसवली. बारा वर्षांची पोर, शाळेला अजून सुट्टी, एका जागी बसणं तिला माहीत नव्हतं.

मितेशचं ऑफिस पेणच्या बाजारात एका भांड्यांच्या दुकानावर होतं. लाकडी जिना. शीरा दोन-दोन पायऱ्या टाकत वर गेली, आई अजून खालीच आहे हे बघून धडधडत खाली आली आणि पुन्हा वर पळाली. दीना धापा टाकत पोचली तेव्हा मितेश जिभेला बोट लावून कागद उलटत होता. त्याची ती सवय तिने पहिल्यांदाच बघितली. थुंकीने ओलं झालेलं बोट प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर टेकत होतं. त्याने वर बघितलं, शीराला बघितलं, आणि लगबगीने उठून दार लोटून घेतलं.

"वहिनी, हिला कशाला आणलीत?"

दीना म्हणाली, सुट्टी हाय, एकटी घरात काय करील.

"तसं नाय वो. ही चालते ना."

दीनाला काही उमगलं नाही. तिने शीराकडे बघितलं, शीराने आपल्या पायांकडे बघितलं. मग मितेशने पोरीला बाहेरच्या बाकावर बसायला लावलं आणि एखादी बाई शेजारणीला लोणच्याचं प्रमाण सांगते तशा सुरात सगळं सांगितलं. घरात अपंग माणूस असेल तर उत्पन्नातून मोठी रक्कम वजा होते. म्हणून गेल्या वर्षी त्याने शीराला अपंग दाखवली होती, दोन्ही पाय अधू. डॉक्टरचा दाखला लागतो, पण त्याचे एक डॉक्टर आहेत, माणूस न बघता देतात. कंपनीतल्या सगळ्यांचं असंच चालतं, कुणाची आई आंधळी, कुणाचा भाऊ वेडा. यंदाही तेच लिहायचं. आता दरवर्षीच लिहायला लागणार. मध्येच बरी झाली तर साहेब विचारतील, कशी बरी झाली.

शीरा तीन वर्षांची होईपर्यंत उभी राहिली नव्हती. अलिबागपासून मुंबईपर्यंतचे डॉक्टर झाले, तेलं झाली, वाळूत पुरून बसवणं झालं. शेवटी दीनाने एलियाहू हन्नबीला नवस केला की ही पोर आपल्या पायांनी चालेल तेव्हा तुझ्या मलिद्याचं ताट तिच्या हाताने आणवीन. आणि चौथ्या वर्षाच्या तोंडावर ती चालली. पोहे, गूळ, खोबरं आणि पाच फळं मांडलेलं ते ताट एका बाजूने एझ्राने धरलं होतं आणि दुसऱ्या बाजूने या पोरीने. ओटीवरून माजघरात यायला तिला केवढा वेळ लागला होता. पेणहून, रोह्याहून, नागावहून आलेली माणसं दुआ म्हणायची थांबून तिच्या पावलांकडे बघत होती.

देवाने दिलं ते या मितेशने शिक्का मारून परत करून टाकलं होतं. तेही तिच्या घरातून, तिच्या नावाने.

तिने विचारलं, असल्या कागदावर पालकाची सही लागत असेल.

"लागते की."

"ती कुणी केली?"

मितेश हसला. आपण केलेल्या उपकाराची आठवण कुणी काढावी तसा. "तुम्हीच म्हणालात शनिवार हाय, लिहीत नाय. मग मीच केली. तुमचा धर्म मीच सांभाळला वहिनी."

दीनाला तो केळीच्या पानातला मलिदा आठवला आणि त्या ओल्या बोटांनी याने तो खाल्ला असेल हे डोळ्यांपुढे आलं. ती उठली, मागेच डेव्हिडबरोबर पाठवलेला बँकेचा टॅक्स कापल्याचा दाखला परत मागितला. मितेशने तो बोट ओलं करून शोधून काढला आणि म्हणाला, न्या, न्या, स्वतः भरून बघा, इंजिनिअर लोक पण शेवटी माझ्याकडंच येतात. कागदाचा कोपरा दमट होता. दीनाने तो पदराने धरला.

खाली भांड्यांच्या दुकानाबाहेर नळ होता. तिथे तिने हात धुतले, मग तोंड धुतलं, मग पुन्हा हात. घड्याळाच्या पट्ट्याखाली सकाळचं एक खवलं चिकटून राहिलं होतं. ते नखाने काढताना तिला त्याचीसुद्धा शिसारी आली, जन्मभर मासे साफ करणाऱ्या बाईला.

तिथून ती डेव्हिडकडे गेली. डेव्हिड कंपनीत स्टोअरला होता, त्या दिवशी त्याची रात्रपाळी होती म्हणून घरी सापडला. लुंगी लावून, नाकावर चष्मा ठेवून पेपर वाचत बसला होता. दीनाने सगळं सांगितलं तेव्हा त्याने पेपर खाली ठेवला, पण त्याला धक्का बसलेला दिसला नाही.

"मी तर तीन वर्षं आंधळा हाय गो," तो म्हणाला. "तरी बघ, बारीक टाइप वाचतोय. कागदावरचं कागदावर राहतं. पोरीच्या पायाला काय झालं का त्यानं?"

हाच माणूस किप्पूरच्या उपासाच्या दिवशी पहिल्या ओळीत उभा राहून छातीवर मूठ मारत वर्षभराच्या पापांची माफी मागायचा. दीनाला वाटायचं भावजी किती मनापासून म्हणतात. आता वाटलं, तेव्हा हे आंधळे होते की डोळस. तिने चहा घेतला नाही. साखर नको, घसा बरा नाय, असं काहीतरी सांगितलं.

तिने ठरवलेलं बोलून दाखवलं. यंदाचा रिटर्न ती स्वतः भरणार, आणि गेल्या वर्षीचा सुधारून देणार. पोरीचे पाय परत आणणार. त्यावर मात्र डेव्हिड उठून उभा राहिला. त्याने समजावलं, मग आवाज चढवला. एकीने असं केलं तर टॅक्सचे ऑफिसवाले मितेशचे सगळे कागद उपसतील, मग कंपनीतली माणसं, मग तो स्वतः. एझ्राच्या मित्रांच्या घरांवर नोटिसा आलेल्या तुला बघायच्या हायत का?

"भावजी, तुमच्या डोळ्यांचं तुम्ही बघा," दीना म्हणाली. "पोरीचे पाय नवसाचे हायत."

बाजारातल्या स्टेशनरीच्या दुकानात नवा फॉर्म मिळाला, गेल्या वर्षीचा जुना लांबलचक फॉर्मही मिळाला, आणि एक पिवळ्या मुखपृष्ठाचं मार्गदर्शनाचं पुस्तक. गाडीत शीराने विचारलं, मी चालते म्हणजे काय गो आई. दीनाने सांगितलं, काय नाय, तू चालतेस.

पुढचे काही दिवस दुपारची जेवणं आवरली की ती स्वयंपाकघरात फॉर्म पसरून बसायची. फॉर्म इंग्रजीत आणि हिंदीत होता. इंग्रजी तिचं अकरावीपर्यंतचं, ते एझ्राच्या जुन्या डिक्शनरीवर कसंबसं रेटलं जायचं, हिंदी बरं कळायचं. नावाच्या रकान्यापर्यंत सगळं सोपं. पुढे वर्ष आलं आणि ती अडकली. घरात वर्ष बदलायचं ते पावसाळा सरता सरता येणाऱ्या तिश्री महिन्यात, भिंतीवरच्या कॅलेंडरात जानेवारीत, बँकेचं मार्चअखेर. इथे त्याहून वेगळंच. ज्या वर्षी कमावलं त्याचं नाव घालायचं नाही, त्याच्या पुढच्या वर्षाचं घालायचं. हे ध्यानात येईपर्यंत तिने दोनदा चुकीचं वर्ष लिहून खोडलं. पेन्सिलीने लिहायची अक्कल तिला आधीच सुचली होती म्हणून बरं.

मग बँकेत गेली. काउंटरवरच्या दीपिकाने दाखला वाचून दाखवला, कुठला आकडा व्याजाचा, कुठला कापलेल्या टॅक्सचा. जाता जाता ती म्हणाली, मावशी, बँकेच्या व्याजावर सरकारचीच सूट असते, ती घेतलीत ना? दीनाने पिवळ्या पुस्तकात शोधलं. खरोखरच होती, अमुक इतक्या व्याजापर्यंत, कुणाला लंगडं करायची गरज नाही, दाखला नाही, डॉक्टर नाही.

तिने पुन्हा आकडेमोड केली. आणि इथे तिच्या हातून एक चूक झाली. व्याज आलं की त्यातला दहावा भाग ती डब्यात वेगळा टाकायची, प्रार्थनाघराच्या दिव्याच्या तेलासाठी. तो देवाचा, आपला नाहीच, म्हणून उत्पन्नात तिने तो धरलाच नाही. बेरीज छान जमली. धोंडुबाई शेजारी वाल सोलत बसली होती, तिने विचारलं, देवाच्या पैशाची पावती हाय का गो? दीना म्हणाली, देव पावती देतो का. म्हणाली आणि पेन्सिल खाली ठेवली. पावती नाही, कागद नाही, आणि आपल्या सोयीने उत्पन्न कमी. मितेशनेही हेच केलं होतं, फक्त त्याने पोरीचे पाय वापरले आणि तिने देवाचं तेल. क्षणभर तिला स्वतःच्याच बोटांचा वास नकोसा झाला. तिने रबराने तो आकडा इतका घासला की कागद विरळ झाला.

बरोबर उत्तर आलं ते तिने दोनदा ताडून बघितलं. सरकारची सूट घेऊन खरा टॅक्स निघाला आठशे रुपये. बँकेने कापलेल्या सहा हजारांतले बाकीचे सगळे तसेही परत मिळणारच होते. म्हणजे आठशे रुपये वाचवायला मितेश शीराला अधू करणार होता, आणि त्याबद्दल तो घेणार होता सहा हजारांचा चौथा हिस्सा, पंधराशे. गेल्या वर्षीचं गणितही तसंच, थोडं इकडेतिकडे. पोरीचे पाय त्याने एवढ्याला विकले होते, आणि तेही तोट्यात.

मितेश शनिवारी आला. डेव्हिडने सांगितलं असणार. सकाळची वेळ, दीना ओटीवर प्रार्थनेचं पुस्तक घेऊन बसली होती, धोंडुबाई पायरीवर. तो मोटरसायकल लावून वर आला, सेंटचा वास घेऊनच. या वेळी तो वहिनी वहिनी करत होता पण आवाज कोरडा होता. गेल्या वर्षीचं उकरू नका म्हणाला. त्या कागदावर सही तुमच्या नावाची आहे, खोटं ठरलं तर खोट्या तुम्ही ठराल, मी कोण, मी तर नुसता फॉर्म भरणारा. यंदाचा त्याने भरून आणला होता. त्याने तो ओटीवर ठेवला, बोट जिभेला लावून पान उलटून दाखवलं.

"आज तुम्ही लिहीत नाय ते मला माहीत हाय," तो म्हणाला. "तुम्ही नुसतं व्हय म्हणा. सही मी करतो."

दीनाने पुस्तक मिटलं. "आज मी सही करत नाय. आणि माझी सही दुसरं कुणी करायची नाय, कुठल्याच वारी."

तो समजावत राहिला. पोरीला कुठे खरंच काय होतं, हा तर नुसता शब्द, एवढ्या तेवढ्या शब्दाने कुणाचा पाय मोडत नाही. धोंडुबाई एवढा वेळ गप्प होती. मिठागरात जन्म गेलेली बाई, कुणाच्या कागदाशी तिचं देणंघेणं नव्हतं. तिने पायरीवरूनच विचारलं.

"मितेश, तुझी आयस चालते ना रे?"

"चालते की. का?"

"मग तिला दाखव लंगडी. नुसता शब्द तर हाय."

"काय बोलता मावशी," मितेश म्हणाला. "आईला कशी दाखवू?"

मितेशला आपण काय बोललो ते जरा उशिराच ऐकू आलं असावं. त्याने मान खाली घातली, फॉर्म उचलला, घडी घालून खिशात ठेवला. या वेळी बोट जिभेला लावलं नाही. पायऱ्या उतरताना, तुम्ही बघाच मग, असं काहीतरी पुटपुटला. मोटरसायकलचा आवाज नाक्यापलीकडे गेला तरी सेंटचा वास ओटीवर होता. धोंडुबाईने आतून बादली आणली आणि ओटी धुऊन काढली. शब्बाथच्या दिवशी दीनाने तिला कधी काम सांगितलं नसतं, आजही सांगितलं नाही.

दिवसभर दीनाने फॉर्मना हात लावला नाही. ते कपाटात होते, पेन्सिलीचे आकडे पेनाने गिरवायचे राहिले होते आणि खाली सहीची जागा कोरी होती. भीती तिला वाटत होती. डेव्हिडच्या घरी नोटीस येईल, कंपनीतले लोक एझ्राचं नाव काढून शिव्या देतील, प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवायची आधीच मारामार, त्यात डेव्हिड यायचा बंद होईल. हे सगळं होणार होतं. पण त्या ओल्या बोटाची आठवण आली की भीतीला जागा उरत नव्हती.

संध्याकाळी शीरा अंगणात उभी राहून वर बघत होती. तीन चांदण्या दिसल्याचं तिने ओरडून सांगितलं आणि धावत आत आली. शब्बाथ संपला. दीनाने रिवाजाप्रमाणे सब्जाची पानं हुंगली, पोरीला हुंगायला दिली, आणि कपाटातून फॉर्म काढले. आधी यंदाचा. आकडे एकेक करून गिरवले. अपंग अवलंबिताच्या रकान्यात तिने आडवी रेघ मारली. मग गेल्या वर्षीचा, त्याच रकान्यात तशीच रेघ, जरा जास्त दाबून. वर सुधारित असं लिहिलं. सोबत साध्या कागदावर चार ओळी लिहिल्या, की माझी मुलगी चालते, आधीच्या कागदावरची सही माझी नाही, मी शनिवारी सही करत नाही. मग तिन्हीवर आपलं नाव घातलं, दीना एझ्रा पेणकर, पूर्ण, मराठीत.

शीरा विचारत होती, झालं का गो. अजून व्हायचं होतं. गेल्या वर्षी जास्तीचे आलेले पैसे सरकारला परत करायला पाहिजेत, त्याशिवाय तो फॉर्म कुणी घेणार नाही. सोमवारी बँक उघडली की चलान भरायचं.